चकचकीत पाइपावर एकतीस डिग्री

फ्रीज थंडी तयार करतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो गैरसमज आधी काढून टाकावा. थंडी कुणालाच तयार करता येत नाही. फ्रीज आतली उष्णता उचलतो आणि मागच्या जाळीतून बाहेर फेकतो, एवढंच. विश्वास नसेल तर मागे हात घालून बघा. म्हणजे आमचा धंदा सरळसरळ हमालीचा. फरक इतकाच, की हमालाच्या पाठीवरचं पोतं लोकांना दिसतं, आमचं दिसत नाही. त्यामुळे आम्ही काम केलं की नाही, यावर गावातल्या प्रत्येकाचं स्वतंत्र मत असतं.

ही हमाली मी आळेफाट्याला पंचवीस वर्षं केली. नव्वद सालानंतर दुकान टाकलं तेव्हा जुन्नर-आंबेगावात फ्रीज म्हणजे डॉक्टर, औषधाचं दुकान आणि एखादा हौशी बागाईतदार. मग द्राक्षवाल्यांच्या कोल्ड रूम आल्या, सोसायट्यांकडे दूध थंड करायच्या टाक्या आल्या, बँकांत एसी आले. एक बँक मॅनेजर मे महिन्यात केबिनमध्ये स्वेटर घालून बसायचे. एसी कमी करू का म्हटलं, तर म्हणाले, "मग शिपायात आणि माझ्यात फरक काय राहिला?" अशा थोर लोकांची सेवा करण्यात आयुष्य गेलं.

दोन हजार सालानंतर दोन-तीन वर्षांनी मी पुण्याहून इन्फ्रारेड थर्मामीटर आणला. आता ताप मोजायला असलं यंत्र सगळ्यांनी पाहिलंय, पण तेव्हा आमच्या भागात तो चमत्कार होता. दिसायला पिस्तूल. घोडा दाबला की समोर लाल ठिपका पडतो आणि मागच्या काचेवर आकडा उमटतो. प्रत्येक वस्तू आपल्या अंगची उष्णता किरणांनी बाहेर टाकत असते, ती हे यंत्र लांबूनच वाचतं. वस्तूला शिवायचं काम नाही. चालता पट्टा, गरम कॉम्प्रेसर, छताला चिकटलेला एसी, सगळं खाली उभं राहून मोजायचं. यंत्राबरोबर इंग्रजीत एक पुस्तिका होती. ती मी घडी न मोडता जपून ठेवली, कारण मला सगळं आधीच कळलेलं होतं.

पहिल्याच महिन्यात बंदुकीनं माझं नाव केलं. शिनोलीच्या पुढे भीमाशंकरच्या रस्त्याला एक लॉज होता. दारावर पाटी, 'चोवीस तास गरम पाणी'. गिऱ्हाइकं मात्र रोज बोंबलायची. मालक म्हणाला, हीटर खराब आहे, बदलून टाका. मी हीटरपासून निघालेल्या निळ्या रंगाच्या पाइपांवर एकामागून एक ठिपका मारत गेलो. गिऱ्हाइकांच्या खोल्यांकडे जाणारे पाइप सव्वीसवर, आणि एकच पाइप छपन्नवर. त्याच्या मागोमाग गेलो तर तो थेट मालकाच्या न्हाणीघरात. मालकानं स्वतःच कधीतरी बाकीच्यांचा व्हॉल्व्ह बंद करून ठेवला होता आणि विसरला होता. निदान तो तरी असंच म्हणाला.

ही गोष्ट मी इतक्या जणांना सांगितली, की लोक मला मिस्त्रीऐवजी 'बंदूकवाले' म्हणायला लागले. बाजारात बाया कडेवरचं पोर पुढे करून म्हणायच्या, "भाऊ, ह्याचा ताप बघा की." मी कंबरेला बंदूक लटकवून हिंडायचो. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, तीन लेकरांचा बाप. सांगायला आता लाज वाटते, पण हिंडायचो.

त्याच उन्हाळ्यात आणे पठारावरच्या एका गावातून बोलावणं आलं. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथले लोक अजून मला चहा पाजतात.

तिथे दूध सोसायटीची हजार लिटरची टाकी होती. सकाळ-संध्याकाळ लोक दूध घालायचे, टाकी ते चार डिग्रीपर्यंत थंड करायची आणि सकाळी नऊनंतर टँकर येऊन घेऊन जायचा. गेला महिनाभर टँकर डेअरीत पोचला की दूध आंबट म्हणून नापास व्हायचं. नापास दूध म्हणजे गावातल्या शंभरेक घरांची मेहनत गटारात.

टाकी सांभाळायच्या विमलताई. आधी त्यांचे यजमान ते काम करायचे. ते आजारपणात गेले आणि सोसायटीनं ताईंना त्यांच्या जागेवर घेतलं. चेअरमन आप्पासाहेब या निर्णयाचा उल्लेख करताना दरवेळी म्हणायचे, "आमी काय भेदभाव मानत न्हाई." कुणीही विचारलेलं नसताना म्हणायचे. बौद्धवाड्यातली बाई आपल्या टाकीवर ठेवली, हे औदार्य त्यांना स्वतःलाच पचत नसावं.

मी पोचलो तेव्हा आप्पासाहेब, चार डायरेक्टर आणि आप्पासाहेबांचा भाचा असे सगळे टाकीभोवती उभे होते. विमलताईंनी पाहुणे येणार म्हणून खोली धुऊन काढली होती. टाकीच्या तोंडाशी स्टीलचा पाइप होता, तो त्या मी येईपर्यंत फडक्यानं पुसत होत्या. आरशासारखा चमकत होता.

आप्पासाहेबांनी मला बाजूला घेतलं. "मिस्त्री, लाइट गेली की बाई जनरेटर चालवत न्हाई. डिझेल इकती, आसा लोकांचा संशय हाय. टाकी गार व्हत न्हाई हे तुमी फक्त मशिनवर दाखवून द्या."

मी टाकीवरचं तापमानाचं घड्याळ पाहिलं. चार डिग्री. कॉम्प्रेसरच्या गेजवर दाब पाहिला. बरोबर. मग कंबरेची बंदूक काढली. सगळे दोन पावलं मागे सरले. मला बरं वाटलं.

"झाकण उघडू का, भाऊ?" विमलताई म्हणाल्या. "आत दूध हाय, त्याच्यावर बघा."

"उघडायची गरजच काय? या बंदुकीचं तेच तर कौतुक आहे," मी म्हणालो आणि त्या चकचकीत पाइपावर लाल ठिपका सोडला.

एकतीस.

परत दाबला. एकतीस. मी आकडा मोठ्यानं वाचला, हेडमास्तर निकाल वाचतात तसा. डायरेक्टरांनी एकमेकांकडे पाहिलं. भाचा म्हणाला, "बघा!"

"आसं कसं व्हईल?" विमलताई पुढे आल्या. "घड्याळात चार हाय की. भाऊ, हात तरी लावून बघा पाइपाला. गारठून जाईल हात."

त्यावर मी जे बोललो ते लिहायलाच हवं. मी म्हणालो, "ताई, हातावर काय आकडे उठतात का?"

सगळे हसले. मीही हसलो. विमलताईंनी फडकं घडी करून खिडकीत ठेवलं आणि बाहेर गेल्या. दुसऱ्या दिवसापासून टाकीवर भाचा बसला. मी गेज खराब म्हणून गेज बदललं, घड्याळ खराब म्हणून घड्याळ बदललं. दोन चांगल्या वस्तू भंगारात घातल्या, कारण त्यांचं माझ्या बंदुकीशी पटत नव्हतं. नवीन घड्याळही चार दाखवायला लागलं, तेव्हा मी म्हणालो, "बघा, झाली दुरुस्त." असल्या दुरुस्तीला तोड नाही.

दहाएक दिवसांनी दुपारी घरी जेवायला आलो. बायकोनं फ्रीजमधल्या पाण्यानं भरलेला स्टीलचा तांब्या समोर ठेवला. मी सवयीनं तांब्यावर ठिपका मारला. तीस डिग्री.

"तीस आहे," मी म्हणालो.

"मग पिऊ नका," ती म्हणाली. "त्याचाच चहा टाकते."

मी तांब्या उचलला. बोटं बधिर झाली. पुन्हा ठिपका मारला, तीस. भिंतीवर मारला, तीस. पितळेच्या घासलेल्या डब्यावर मारला, तीस. घास हातातच राहिला. पेटीतून वायरला गुंडाळायची काळी चिकटपट्टी काढली, तिचा तुकडा तांब्यावर चिकटवला, जरा थांबलो आणि त्याच्यावर ठिपका मारला. आठ.

मग ती पुस्तिका काढली. पोराच्या डिक्शनरीच्या मदतीनं वाचली. दुसऱ्याच पानावर, जाड अक्षरांत, चौकट आखून लिहिलं होतं, की चकचकीत धातूवर हे यंत्र वापरू नये. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फारशी बाहेर टाकत नाही, आरशासारखी आजूबाजूची परत पाठवतो. म्हणजे त्या दिवशी मी पाइप मोजलाच नव्हता. त्या खोलीच्या भिंती, डायरेक्टर मंडळी आणि स्वतः मी, या सगळ्यांचं तापमान मोजून ते विमलताईंच्या नावावर टाकलं होतं. लॉजमध्ये बंदूक बरोबर चालली, कारण तिथले पाइप रंगवलेले होते. ताईंनी पाइप पुसला नसता, त्याच्यावर थोडं दव धरू दिलं असतं, तरी आकडा खरा आला असता. बाई स्वच्छ राहिली, म्हणून चोर ठरली.

जेवण तसंच राहिलं. मोटरसायकल काढली आणि पठार चढलो.

टाकीच्या पाइपावर चिकटपट्टी लावली. चार. झाकण उघडून तळाशी उरलेल्या दुधावर मारलं. चार. टाकी महिनाभर, कदाचित वर्षभर, चोख काम करत होती. तसाच आप्पासाहेबांच्या ओट्यावर गेलो आणि सरळ सांगितलं, की माझी चूक झाली, बाईंचा काही दोष नाही.

आप्पासाहेबांनी सुपारी कातरणं थांबवलं नाही. "बंदूक चुकली? मग येवढी मिरवत कशाला व्हता, राव?"

"मी चुकलो, आप्पासाहेब. बाईंना परत बोलवा."

"आता झालं ते झालं. पोरगं रुळलंय कामात."

"पण दूध अजून नासतंय ना?"

"मिस्त्री," ते म्हणाले, "तुमचं काम मशिनचं. दुधाचं आमी बघतो."

तिथून विमलताईंकडे गेलो. त्या घरामागच्या तुकड्यात कांदे कापत बसल्या होत्या. मला पाहून उठल्या नाहीत. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तांब्या, पट्टी, पुस्तिका, सगळं. त्या ऐकत होत्या आणि विळा चालत होता.

"पाणी प्यायचं का?" त्या म्हणाल्या.

"नको. ताई, मला माफ करा."

"अकरा दिस झालं," त्या म्हणाल्या. "मी नळावर दुपारची जाते, कुणी नसतंय तवा. पोरगी नर्सिंगला हाय जुन्नरला, ती सुट्टीला यायची व्हती. मीच म्हणलं, नको यिऊ ह्या वेळंला. डिझेलचोराची पोरगी म्हणत्याल तिला."

त्यांनी कांद्याची पात कापून बाजूला टाकली.

"तुमाला वाटतं तुमच्या आकड्यानं माझं काम गेलं? ते आधीच जाणार व्हतं. आप्पांच्या गोठ्यातलं संध्याकाळचं दूध सांच्याला येतच न्हाई. गड्याला दोनदा खेप पडते म्हणून रातभर क्यानमधी पडून ऱ्हातं आन सकाळच्या दुधासंगं येतं, सगळ्यात शेवटाला, टँकर दारात आसताना. त्यानंच सगळी टाकी नासती. मी वास घिऊन दोनदा परत धाडलं. तिसऱ्यांदा म्हणलं, मीटिंगमधी सांगीन. त्याच्या आठ दिसात तुमाला बोलावणं आलं."

म्हणजे मला यंत्र तपासायला बोलावलंच नव्हतं. बंदूक माझी होती, नेम दुसऱ्यानंच धरला होता. आणि मी आपला कंबरेला लावून मिरवत होतो.

"मग हे सांगितलं का नाही तेव्हा?" मी विचारलं.

"तुमी इचारलं का?" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी सोसायटीच्या दारात उभा राहिलो. रांग लागली होती. चाळीस-पन्नास माणसं, किटल्या, कॅन, बाया, म्हातारे. भाच्यानं विचारलं, "तुमी कसं काय?" मी म्हणालो, बंदुकीची चाचणी घ्यायची आहे. मग पायरीवर चढलो. आयुष्यात कधी भाषण केलं नव्हतं.

"ऐका," मी म्हणालो. "त्या दिवशी मी विमलताईंच्या टाकीवर एकतीस डिग्री सांगितली. ते खोटं होतं. टाकी चार डिग्रीवरच होती. यंत्र चांगलं, बाई चांगली. वापरणारा गाढव होता, तो हा तुमच्यासमोर उभा आहे."

रांगेच्या मागून एक म्हातारा म्हणाला, "आता हे खरं कशावरून धरायचं?"

रास्त प्रश्न होता. मी म्हणालो, "दुधावर बंदूक खोटं बोलत नाही. दूध चकचकीत नसतं. बघा स्वतःच."

मी म्हाताऱ्याच्या किटलीचं झाकण काढायला लावलं, ठिपका मारला आणि काच त्यालाच दाखवली. तेहतीस. नुकतं काढलेलं दूध तेवढं असणारच, जनावराच्या अंगची ऊब असते ती. पुढची किटली, चौतीस. पुढचा कॅन, तेहतीस. लोकांना मजा वाटायला लागली. जो तो झाकण काढून पुढे येऊ लागला, ज्याचा आकडा मोठा तो शर्यत जिंकल्यासारखा हसू लागला. दीड तास मी नुसता घोडा दाबत होतो.

नऊच्या पुढे टँकर आला आणि त्याच्या मागोमाग आप्पासाहेबांचा गडी चार कॅन घेऊन जीपमधून उतरला. सोबत आप्पासाहेब स्वतः. मी तिथे असल्याचं त्यांना कळलं असावं.

"ह्यांचंबी बघा की," रांगेतली एक बाई म्हणाली. मी तिला काही शिकवलं नव्हतं.

"आमचं काय बघायचंय?" आप्पासाहेब म्हणाले. पण पन्नास किटल्या उघडून दाखवलेल्या लोकांसमोर आपला कॅन झाकून धरणं जमेना. गड्यानं झाकणं काढली.

पहिला कॅन, तेहतीस. दुसरा, तेहतीस. तिसरा, पंचवीस. चौथा, पंचवीस.

मी आकडे वाचले, या वेळी हळू. दूध गारवलंय म्हणजे ते आजचं नाही, हे कळायला तिथे कुणालाच पुस्तिका लागत नव्हती. मघाचा म्हातारा काच बघायला पुढे आला, दोनदा बघितली आणि म्हणाला, "आप्पा, तुमच्या निम्म्या गाया एसीत बांधल्यात का काय?"

हसण्याचा जो गदारोळ उठला, त्यात चार डायरेक्टरांपैकी दोघेही होते. मग हसू विरलं. महिनाभर गटारात ओतलेलं दूध एकेकाला आठवायला लागलं. त्या बाईनं चौथ्या कॅनवर वाकून वास घेतला आणि तोंड फिरवलं. "विमल हेच म्हणत व्हती," ती म्हणाली. "आन आपुन तिला नळावर काय काय बोललो."

आप्पासाहेब जीपमध्ये बसले. तिसरा-चौथा कॅन टाकीत गेला नाही. त्या दिवसापासून डेअरीतून दूध परत आलं नाही.

त्याच आठवड्यात दोन डायरेक्टर विमलताईंना बोलवायला गेले. त्या सहजासहजी आल्या नाहीत. म्हणाल्या, चारचौघांसमोर काढलंय, आता रांगेसमोर बोलवा. मग सकाळी सातला, सगळ्यांच्या देखत, एका डायरेक्टरनं त्यांना टाकीच्या खोलीची किल्ली दिली. आप्पासाहेब आणखी दोन वर्षं चेअरमन राहिले. ते लोक असे एका सकाळीत जात नसतात. त्यांच्या गोठ्यातलं दूध मात्र सांजचं सांजच्याला यायला लागलं, आणि भाषणात ते म्हणायला लागले, की सोसायटीची शिस्त बघायची तर आमच्या टाकीवर या. भाच्याला पतपेढीत चिकटवलं. तिथे काही नासत नाही म्हणे.

मला वाटलं होतं, तिथलं काम आता माझ्याकडून जाणार. गेलं नाही, कारण विमलताईंनीच सांगितलं, मिस्त्री तेच राहू द्या. मी त्याचा अर्थ माझ्या सोयीनं लावला. वाटलं, बाईंनी मनातून काढून टाकलं.

पुढे पाच-सहा वर्षं दर दोन महिन्यांनी मी तिथे जात होतो. त्या चहा द्यायच्या, पोरीच्या नोकरीचं सांगायच्या, माझ्या घरचं विचारायच्या. काम झालं की मी रिपोर्ट लिहून सहीला पुढे करायचो. इतर सगळीकडे लोक विचारतात, "सही कुठं करू?" आणि न वाचता करतात. बँकेत, लॉजवर, कोल्ड रूममध्ये, सगळीकडे. विमलताई चष्मा लावायच्या, रिपोर्ट पहिल्या ओळीपासून वाचायच्या, मग उठून टाकीचं झाकण उघडायच्या, स्वतःचा काचेचा थर्मामीटर दुधात बुडवायच्या आणि पारा थांबेपर्यंत मला उभं करायच्या. आकडा जुळला की सही. एकदाही सोडलं नाही. एकदाही त्यावर काही बोलल्या नाहीत.

त्यांच्या टाकीवर माझ्या हातून पुन्हा चूक झाली नाही. बाकीच्या ठिकाणी झाली असेल. तिथे कुणी तपासलं नाही.